वहीत न लिहिलेली अट

शब्द हा आपल्या भाषेत मोठ्या मोलाचा ऐवज आहे. तो दिला जातो, घेतला जातो, राखला जातो, फिरवला जातो आणि भल्या माणसाकडून तो खाली पडू दिला जात नाही. जमीनजुमला आणि दागदागिने यांच्याविषयी बोलताना जी क्रियापदे आपण वापरतो, त्यांतली बरीचशी शब्दालाही लागू पडतात. मात्र शब्द दिल्याची गोष्ट निघाली की आपले सारे लक्ष देणाऱ्याकडे लागते. घेणाऱ्यानेही त्या वेळी हात पुढे करताना काही कबूल केले होते काय, हे विचारण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आमच्याही मनात ते आले नव्हते. ते आमच्या मनात कसे आले, याची ही हकिगत आहे.

आमचे गाव वसई तालुक्यातले. पालघर जिल्हा २०१४ साली झाला. ही गोष्ट घडली तेव्हा आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो. गावात एक छोटेसे वाचनालय होते व आजही आहे. शाळेच्या मागच्या खोलीत चार कपाटे, एक लांब बाक आणि सायंकाळी दोन तास उघडणारे दार, एवढाच त्याचा संसार होता. सरकारी दफ्तरी ते 'ड' वर्गात मोडत असे. पावसाळ्यात कौलांतून पाणी गळे आणि एके वर्षी वाळवीने चरित्रांचे अख्खे कपाट फस्त केले. तेव्हा वाचनालयाला स्वतःची वास्तू हवी असे ठरले आणि इमारत समिती म्हणून गावाने आम्हा सातजणांना नेमले. त्या सातांपैकी आज आम्ही तिघे उरलो आहोत. तरीही हे लिहिताना आम्ही सातांच्या वतीनेच लिहीत आहोत, कारण जी चूक झाली ती सातांची होती.

फेब्रुवारी १९९७ मधल्या एका रविवारी, मिस्सा आटोपल्यावर, शाळेच्या पटांगणात गावची सभा भरली. साठ-सत्तर माणसे आली होती. साध्या एका दालनाचा अंदाज साडेचार लाख रुपयांचा होता. एकेकजण उठून आकडा सांगे, आमचे चिटणीस तो वहीत टिपून घेत, टाळ्या पडत. कोणी पाचशे सांगितले, कोणी पाच हजार. मग कुवेतकाका उभे राहिले.

त्यांना सारा गाव याच नावाने ओळखत असे. उमेदीची वर्षे त्यांनी कुवेतमध्ये काढली होती. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळले, तेव्हा हातातल्या एका पिशवीनिशी ते घरी परतले होते आणि युद्ध निवळल्यावर पुन्हा तिकडे गेले होते. पैशाची किंमत त्यांना ठाऊक होती. ते म्हणाले, "माझे पंचाहत्तर हजार लिहा." पटांगणात क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग ते पुढे म्हणाले, "आमची आई पहाटेच्या गाडीने दादरला भाजी आणि सुकेळी घेऊन जायची. गाडीच्या पाटीवरचे अक्षर तिला वाचता येत नव्हते, ती शेजारणीला विचारायची. तुम्ही वाचायची एक वेगळी खोली बांधा आणि तिला आईचे नाव द्या. माझी दुसरी काही मागणी नाही."

सभेचे अध्यक्ष म्हणजे आमच्यातले सर्वांत वडील सदस्य, निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, "मंजूर आहे." टाळ्यांचा कडकडाट झाला. चिटणिसांनी वहीत कुवेतकाकांचे नाव लिहिले आणि पुढे ७५,००० हा आकडा लिहिला. त्यापुढे त्यांनी काही लिहिले नाही. लिहावे असे आमच्यापैकी कोणी सुचवलेही नाही.

त्या एका आकड्याने आमची छाती फुगली. दालनाला लागून वाचनकक्ष घ्यायचा ठरला व खर्च सहा लाखांवर गेला. कुवेतला परतण्यापूर्वी काकांनी पंचवीस हजार रोख आणून दिले आणि उरलेले पन्नास काम संपताना देईन म्हणून सांगितले. मे महिन्यात कंत्राटदाराशी करारपत्र झाले. त्यावर आम्हा सातांच्या सह्या होत्या. पाऊस ओसरल्यावर जोते उभे राहिले, नाताळानंतर स्लॅब पडला.

नावाचा घोळ १९९८ च्या जानेवारीत झाला. चाळीस हजार देणाऱ्या एका व्यापारी गृहस्थांनी दर्शनी भिंतीवर आपल्या पेढीचे नाव असावे असा आग्रह धरला. गावात कुजबुज सुरू झाली. वाचनालय गावाचे की दुकानाचे, असे लोक विचारू लागले. समितीची बैठक बसली आणि तिने एकमताने ठराव केला: वास्तूच्या कोणत्याही भागास कोणाही व्यक्तीचे अथवा पेढीचे नाव देऊ नये. ठराव उत्तम होता, आजही आम्ही त्याला उत्तमच म्हणू. तो करताना कुवेतकाकांच्या आईची आठवण कोणाला झाली नाही, असे आम्ही पुष्कळ दिवस सांगत आलो. ते खरे नाही. आमच्यापैकी दोघांना ती झाली होती. काका समजूतदार आहेत, ते समजून घेतील, असे मनाशी म्हणून ते दोघे गप्प बसले. कुवेतला पत्र पाठवावे, हे त्यांनाही सुचले नाही.

डिसेंबरमध्ये वास्तूचे उद्घाटन झाले. नाताळासाठी काका गावी आले आणि एका सायंकाळी एकटेच वाचनालयात येऊन गेले. वाचनकक्षाच्या दारावर संगमरवरी पाटी होती व तिच्यावर 'वाचनकक्ष' एवढीच अक्षरे होती. ते काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात चिटणीस बाकी मागायला गेले तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले, "माझ्याकडून आता काही यायचे नाही."

आम्हाला राग आला. गावासमक्ष दिलेला शब्द हा माणूस फिरवतो म्हणजे काय, असे आम्ही चारचौघांत बोलू लागलो. दुसरीकडे कंत्राटदाराचा तगादा सुरू झाला होता. गिलावा आणि लादीचे पन्नास हजार त्याला येणे होते आणि करारपत्रावर सह्या आमच्या होत्या. आमच्यातल्या एकाने तर घरात न सांगता पत्नीच्या बांगड्या गहाण टाकण्याचे मनात आणले होते. अखेर १९९९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही वही बगलेत मारून एका परिचित वकिलांकडे गेलो. कुवेतकाकांना नोटीस द्यायची, असा आमचा निर्धार होता.

वकीलसाहेबांनी त्या दिवशी जे सांगितले, ते आम्ही पुढे अनेकांना सांगितले आहे. वाचकांनाही ते उपयोगी पडेल. आपला करारविषयक कायदा १८७२ सालचा. करार कागदावरच असला पाहिजे असे तो सरसकट म्हणत नाही. एखाद्या व्यवहाराला दुसऱ्या कायद्याने लेखाची वा नोंदणीची सक्ती केली नसेल, तर तोंडी करारही करारच असतो. अडचण असते ती शाबित करण्याची. मात्र नुसते वचन पुरत नाही, त्याला प्रतिफल लागते, ज्याला आपण व्यवहारात मोबदला म्हणतो. वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून दुसऱ्याने काही केले, काही करण्याचे टाळले किंवा तसे करण्याचे कबूल केले, तर ते प्रतिफल होय. प्रतिफल नसलेला करार, कायद्याने सांगितलेले थोडे अपवाद सोडल्यास, रद्दबातल. म्हणूनच, "अमुक कार्याला इतके देईन," असे कोणी म्हणाला आणि मग फिरला, तर एरवी त्याच्यावर दावा चालत नाही. देणगी ही देणगी असते.

आमचे चेहरे उतरले असावेत, कारण वकीलसाहेब हसले आणि त्यांनी हावड्याचा खटला सांगितला. कलकत्त्याच्या समोर, हुगळीच्या पलीकडच्या तीरावर हावडा आहे. तेथे एक टाऊन हॉल बांधण्यासाठी गेल्याच्या गेल्या शतकात वर्गणीची यादी फिरली. यादी फुगत गेली तसा आराखडाही वाढत गेला आणि २६,००० रुपयांचा खर्च ४०,००० वर पोहोचला. यादीच्या भरवशावर नगरपालिकेच्या मंडळींनी कंत्राटदाराशी करार केला. गोरी महंमद नावाच्या एका गृहस्थांनी यादीत शंभर रुपये लिहिले होते, ते त्यांनी दिले नाहीत. केदारनाथ भट्टाचार्जी यांनी दावा लावला. १८८६ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने निकाल दिला की शंभर रुपये द्यावे लागतील. वर्गणी कशासाठी आहे हे सही करणाऱ्याला ठाऊक होते आणि तिच्या विश्वासावर कंत्राटदाराचे देणे अंगावर घेतले जाणार हेही ठाऊक होते. ते देणे अंगावर घेणे, हेच प्रतिफल.

याच्या उलट, १९१४ साली अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे अब्दुल अझीझ विरुद्ध मासूम अली हा खटला आला. मशिदीच्या दुरुस्तीसाठी एकाने पाचशे रुपये कबूल केले होते. पण त्या वचनाच्या आधारे कोणी काही कामच हाती घेतले नव्हते. तेथे दावा टिकला नाही. वचन दोन्हीकडे सारखेच होते, पण एका ठिकाणी त्या वचनावर विसंबून कोणीतरी स्वतःला बांधून घेतले होते आणि दुसऱ्या ठिकाणी घेतले नव्हते.

आम्ही खूश झालो. आमचा तर थेट हावडाच होता! खर्च वाढला तो काकांच्या आकड्यामुळे, वाचनकक्ष काढला तो त्यांच्या सांगण्यावरून आणि कंत्राटदाराच्या करारपत्रावर सह्या केल्या त्या आम्ही. आम्ही वही पुढे सरकवली. वकीलसाहेबांनी ते पान वाचले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारले, "त्यांनी त्या वेळी काही मागितले होते काय?"

कोणी उत्तर दिले नाही. भिंतीवरचे घड्याळ तेवढे वाजत होते. शेवटी आमच्या वडील सदस्यांनी सारे सांगितले: आईची गोष्ट, खोलीचे नाव, स्वतःच्या तोंडून निघालेला 'मंजूर' हा शब्द आणि नंतरचा ठराव.

वकीलसाहेब म्हणाले, "मग ही नुसती देणगी राहिली नाही. ही परस्परांना दिलेली वचने झाली. त्यांनी पैसे द्यायचे, तुम्ही नाव द्यायचे. तुमच्या बाजूचे वचन पाळायला तुम्ही तयार नसाल, तर त्यांचे वचन तुम्हाला मागता येणार नाही. ज्याच्यासाठी त्यांनी पैसे कबूल केले, तेच त्यांना मिळाले नाही. कायद्याच्या भाषेत प्रतिफल निष्फळ झाले. दिलेले पंचवीस हजार परत मागण्याचे त्यांच्या वकिलाला सुचले, तर मला नवल वाटणार नाही."

आमच्यापैकी एकजण म्हणाला, "पण वहीत अट लिहिलेली नाही."

"नाही ना," वकीलसाहेब म्हणाले. "पण वही म्हणजे करारपत्र नव्हे, ती आठवणीसाठी केलेली नोंद आहे. तिच्यात नाही ते साक्षीदारांच्या तोंडून सांगता येते. आणि रीतसर करारपत्र असते, तरीही प्रतिफल नव्हते किंवा ते निष्फळ झाले, हे दाखवायला पुराव्याचा कायदा आडवा येत नाही." तेव्हा त्यांनी १८७२ च्या पुरावा अधिनियमातले कलम ९२ दाखवले होते. १ जुलै २०२४ पासून त्या अधिनियमाच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला आहे, तरी ही तरतूद नव्या कायद्यातही कायम आहे. मग वकीलसाहेब जरा थांबून म्हणाले, "प्रश्न एवढाच आहे की साक्षीदार कोण? सभेतली माणसे आणि तुम्ही सात. नोटीस पाठवायची की नाही, हे तुम्ही घरी जाऊन ठरवा."

त्या रात्री आम्ही वाचनकक्षातच बसलो. जे बोलणे झाले ते सांगताना आजही संकोच वाटतो. एकाने म्हटले, वहीत नाही म्हणजे अट नव्हतीच. दुसऱ्याने म्हटले, सभेला अडीच वर्षे झाली, नेमके शब्द कोणाला आठवतात? काका पुन्हा कुवेतला गेले की खटला लढवायला येणार कोण, असेही कोणी म्हणाले. हे बोलणारे लोक लबाड नव्हते. पन्नास हजारांच्या भीतीने ते बोलत होते आणि ते पैसे त्यांच्या घरातून जाणार होते. आमच्यात एक शेतकरी होता, एक रेल्वेतला कारकून होता आणि एकाची मुलगी लग्नाची होती. गप्प बसण्याने कोणाचे काही बिघडणार नाही, उलट गावाचे वाचनालय वाचेल, असे स्वतःला पटवणे त्या रात्री फारसे अवघड नव्हते.

वडील सदस्य बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "मंजूर हा शब्द माझा होता. उद्या पिंजऱ्यात उभे करून शपथेवर मला विचारले, तर मी काय सांगावे अशी तुमची इच्छा आहे, ते आत्ताच ठरवा. मी चाळीस वर्षे या गावातल्या पोरांना, तुमच्यातल्या चौघांना धरून, खरे बोलायला शिकवले आहे."

त्यांचा आवाज चढला नव्हता. मते घेतली तेव्हा पाच विरुद्ध दोन अशी नोटीस न पाठवण्याच्या बाजूने पडली. आज हे लिहिणाऱ्या तिघांपैकी एकाचे मत त्या दोघांत होते, हेही येथे नोंदवून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही सातहीजण कुवेतकाकांच्या घरी गेलो. पावसाची भुरभुर चालू होती. त्यांनी ओटीवर सतरंजी घातली, चहा सांगितला. आम्ही ठरावाची गोष्ट सांगितली आणि चूक आमची आहे असे कबूल केले. ठराव मागे घेऊन नाव लावू, किंवा तुमचे पंचवीस हजार हप्त्याहप्त्याने परत करू, असे म्हटले.

ते बराच वेळ कपातल्या चहाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ठराव तुम्ही बरोबरच केला. मी येथे असतो तर मीही हात वर केला असता. मला एक पत्र टाकले असते, तर मी नाव सोडले असते आणि पैसेही दिले असते. तुम्ही मला विचारलेच नाहीत. मी दारापुढे उभा राहून पाटी वाचली." थोडे थांबून त्यांनी पुढे म्हटले, "आता नाव नको. आता लावाल तर ते भांडून घेतल्यासारखे होईल. आई कोणाशी भांडली नव्हती. पंचवीस हजार राहू द्या, ते मुलांच्या पुस्तकांना लावा."

पन्नास हजारांचा विषय आम्ही काढला नाही व त्यांनीही काढला नाही. ते पैसे आम्ही दोन वर्षांत उभे केले. सातांनी प्रत्येकी तीन हजार घातले, त्याचे एकवीस झाले. गावच्या पोरांनी नाटक बसवून अकरा हजार मिळवून दिले. उरलेल्या अठरा हजारांसाठी कंत्राटदाराने थांबण्याचा मोठेपणा दाखवला आणि वर्गणीतून ते हळूहळू फेडले. त्याच्याशी आमचा करार अगदी स्वच्छ अक्षरांत लिहिलेला होता, तरी तो थांबला तो आमच्या तोंडी शब्दावर.

या प्रकरणानंतर वाचनालयाच्या देणगीवहीत आम्ही एक रकाना वाढवला. पूर्वी नाव आणि रक्कम असे दोनच रकाने असत. आता तिसरा आहे: 'देणाऱ्याचे मागणे व समितीचे उत्तर'. बहुतेक वेळा तेथे 'काही नाही' असेच लिहिले जाते. एका बाईंनी सायंकाळी दिवा अर्धा तास अधिक ठेवा म्हणून लिहवले, तो अजून ठेवला जातो. एका गृहस्थांनी आपल्या मुलाला चिटणीस करावे असे मागितले, तेथे समितीने 'मान्य करता येत नाही' असे लिहून त्यांची रक्कम त्याच दिवशी परत केली. समितीला आधी दिलेल्या वचनाला बाध आणणारा ठराव करायचा असेल, तर संबंधितास प्रथम पत्राने विचारावे, असाही नियम आहे. तो सर्वांत वडील सदस्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला.

कुवेतकाका २०१२ मध्ये वारले. वाचनकक्षाच्या पाटीवर आजही 'वाचनकक्ष' एवढेच आहे, कारण त्यांचा नकार हासुद्धा त्यांनी आम्हाला दिलेला शब्दच होता. मात्र जुन्या वहीतल्या त्या पानावर, ७५,००० या आकड्याच्या खाली, वेगळ्या शाईत चार ओळी आहेत. त्यांच्या घरून परतलो त्याच रात्री त्या लिहिल्या. सभेत त्यांनी काय मागितले होते, अध्यक्षांनी कोणता शब्द उच्चारला होता आणि समितीने तो पाळला नाही, एवढे त्यांत नमूद आहे. खाली तारीख आहे व सात सह्या आहेत. आईचे नाव वाचनालयात तेवढ्या एकाच ठिकाणी लिहिलेले आहे.